हौशी ग्रुपने 'तुघलक' बसवायचं ठरवलंय? मग आधी अझीझ शोधा

'तुघलक' करायचं असं ग्रुपवर पडलं की पुढचे मेसेज ठरलेले असतात, सुलतान कोण करणार, सिंहासन कुठून आणायचं, कपडेपटाचं बजेट किती. त्यातला ठग अझीझ कोण करणार हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते नाटक उभं राहणार की आडवं होणार ते तिथेच ठरतं. हा लेख हौशी मंडळींसाठी आहे, ज्यांच्याकडे पंधरा-सोळा माणसं, एक बऱ्यापैकी हॉल आणि नोकरी सांभाळून संध्याकाळची तालीम एवढंच भांडवल आहे त्यांच्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी आधी. गिरीश कार्नाडांनी हे नाटक कन्नडमध्ये लिहिलं, 1964 साली ते आलं, तेव्हा ते 26 वर्षांचे होते, ऑक्सफर्डचं शिक्षण संपवून मद्रासला नोकरी करत होते. माणूस जन्माने माथेरानचा, वाढला सिरसी-धारवाडकडे. मराठीत हे नाटक विजय तेंडुलकरांनी आणलं आणि 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने 1971 मध्ये अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनात ते केलं. दिल्लीत दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी पुराना किल्ल्याच्या भिंतींसमोर केलं तेव्हा मनोहर सिंग सुलतान होते, कन्नडमध्ये सी. आर. सिंहांचा सुलतान गाजला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की संहिता तावूनसुलाखून निघालेली आहे, कुठे अडलात तर दोष आपल्या तालमीत शोधायचा.

संहिता आणि परवानग्या, हे पहिल्या आठवड्यातच

कोणाकडून तरी आलेली धूसर झेरॉक्स घेऊन सुरुवात करू नका, त्यात पानं गाळलेली असतात. तेंडुलकरांचं मराठी पुस्तक मिळवा आणि सोबत कार्नाडांनी स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतरही मिळवा. तालमीत एखादं वाक्य जिभेवर बसेना की दुसऱ्यात बघायचं, अर्थ कुठे झुकतोय ते लगेच कळतं. प्रयोग मात्र एकाच संहितेचा करा, दोन्हीकडून उचलून खिचडी करायची नाही कारण परवानगी त्या विशिष्ट शब्दांची असते.

परवानगी लेखी घ्या आणि दोन्हीकडून घ्या, मूळ लेखकाच्या हक्कधारकांची आणि भाषांतरकाराच्या हक्कधारकांची. प्रकाशकाला पत्र टाकलं की पुढचा रस्ता कळतो. पत्रात किती प्रयोग, कुठे, तिकीट आहे की नाही आणि काय काय कापणार हे स्पष्ट लिहा. काटछाटीचं नंतर बघू म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर म्हणतो त्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि हे नाटक नमाज, कट, धर्मगुरूचा खून अशा गोष्टींभोवती फिरतं, त्यामुळे हे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

तेरा प्रवेशांचा तक्ता

नाटकात तेरा प्रवेश आहेत. पहिले सहा दिल्लीत, सातवा दौलताबादच्या वाटेवर, आणि आठव्यापासूनचे सगळे, मध्ये पाच वर्षं गेल्यावर, दौलताबादच्या किल्ल्यात आणि आसपास. भिंतीवर मोठा कागद लावा आणि प्रत्येक प्रवेशासमोर कोण कोण आहे, जागा कुठली, वेळ कुठली एवढं लिहा, आणि शेवटी एक जास्तीचा रकाना ठेवा, 'इथे कोण कोणाला फसवतंय'. हा रकाना भरता भरता अख्ख्या टीमला नाटक कळतं, वेगळं लेक्चर द्यायची गरज पडत नाही.

पहिलाच प्रवेश घ्या. विष्णुप्रसाद नावाच्या ब्राह्मणाने सुलतानावर फिर्याद केली की सरकारी लोकांनी माझी जमीन बळकावली, काझीने सुलतानाविरुद्ध निकाल दिला, पाचशे चांदीचे दिनार भरपाई आणि वर सरकारी नोकरी. लोक थक्क, सुलतान खुश, न्याय कसा असतो बघा म्हणतो आणि त्याच दमात राजधानी दौलताबादला हलवायची घोषणा करून टाकतो. मग कळतं की हा ब्राह्मण म्हणजे अझीझ नावाचा धोबी आहे, जप्त झालेली जमीन त्याने मागची तारीख टाकून कागदोपत्री विकत घेतली होती. म्हणजे सुलतानाचा सुंदर कायदा आणि अझीझची लबाडी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच एकमेकांना भेटतात, आणि तिथून पुढे सुलतान जी जी योजना काढेल तिच्यात अझीझला धंदा सापडतो. राजधानी हलली की हा वाटेवरच्या छावणीचा अधिकारी, तांब्याची नाणी आली की हा खोटी नाणी पाडणारा, खलिफाचा वंशज येणार म्हटलं की हा त्याचा खून करून स्वतःच खलिफाचा वंशज.

आता नेपथ्य करणाऱ्याने नीट वाचावी अशी गोष्ट. जुन्या कंपनी नाटकात दोन प्रकारचे प्रवेश असायचे. एक खोल, महाल-दरबाराचे, पूर्ण रंगमंच वापरणारे, आणि दुसरे उथळ, रस्त्याचा पडदा पुढे सोडून त्याच्यासमोर विनोदी पात्रांनी करायचे, म्हणजे मागे सेट बदलायला वेळ मिळायचा. आपल्या संगीत नाटकवाल्यांनाही ही युक्ती चांगली माहीत होती. कार्नाडांनी तोच सांगाडा घेतला, दरबार खोल आणि अझीझ व त्याचा साथीदार आझम उथळ, पण नाटक पुढे जातं तसा अझीझ पुढच्या पट्टीतून मागे मागे सरकत जातो आणि शेवटी थेट सुलतानासमोर उभा राहतो. हे ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचालींत दाखवा. सुरुवातीला त्याला प्रेक्षकांच्या नाकासमोर खेळवा आणि मग प्रवेशागणिक एकेक पाऊल आत न्या, कोणाला सांगू नका, प्रेक्षकाच्या अंगात ते आपोआप उतरतं.

काय कापायचं, काय नाही

पूर्ण खेळलात तर अडीच-तीन तास सहज जातात. पाचव्या प्रवेशातली अमीरांची, म्हणजे कट करणाऱ्या सरदारांची चर्चा थोडी आवळता येते, गर्दीच्या प्रवेशांत एकाच अर्थाची दोन-तीन वाक्यं असतात त्यातलं एखादं जाऊ शकतं. सातवा प्रवेश मात्र उडवू नका, स्पर्धेवाले हमखास तोच उडवतात कारण 'कथा पुढे सरकत नाही'. अहो, तिथेच तर हजार किलोमीटरच्या वर पायपीट करणारी माणसं पहिल्यांदा दिसतात. एका बाईचं मूल आजारी आहे, तिला हकिमाकडे जायचंय, अझीझ सोडत नाही, पैसे मागतो, आणि आझमला नंतर थंडपणे समजावतो की मूल वाचणार नाहीच, ती उगाच हकिमावर पैसे घालवणार. हा प्रवेश काढलात तर अझीझ गमतीदार ठग राहतो आणि शेवटाला काही अर्थच उरत नाही.

पात्रनिवड

सुलतानासाठी खणखणीत आवाज आणि भरदार शरीर शोधायची सवय आहे आपल्याला. इथे विचारांचा वेग असलेला नट पाहिजे, जो समोरच्याचं वाक्य संपायच्या आत पुढच्या तीन चाली बघतोय असं वाटेल. ऑडिशनला पहिल्या प्रवेशातलं भाषण एकदा गर्दीसमोर आणि एकदा अगदी हळू, एका मित्राला सांगितल्यासारखं करायला लावा. दुसऱ्या वेळी ज्याचं जास्त पटतं तो तुमचा सुलतान.

आपल्याकडचा प्रेक्षक 'तुघलकी कारभार' डोक्यात घेऊनच येतो, त्याला वेडा राजा बघायचा असतो. सुरुवातीपासून डोळे गरागरा फिरवणारा सुलतान दिलात की मध्यंतरापर्यंत नाटक संपलं. पहिले तीन प्रवेश प्रेक्षक त्याच्या बाजूने असला पाहिजे, त्याची हुशारी आवडली पाहिजे, बुद्धिबळातला जुना डाव सोडवल्याचा त्याचा आनंद खरा वाटला पाहिजे. त्याच्यावर उघड टीका करणाऱ्या शेख इमामुद्दीन या धर्मगुरूला तो ज्या सफाईने मरणाच्या तोंडी पाठवतो तिथे प्रेक्षकाने आधी वा म्हणावं आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटावी.

सुलतान आणि अझीझ यांची ऑडिशन एकत्र घ्या, आणि दोघांना एकमेकांच्या भूमिका वाचायला लावा. दोघांचा ताल जुळला पाहिजे. अझीझ हजरजबाबी आणि बेधडक, त्याला स्वतःची कीव कधीच येत नाही. बरेचदा ग्रुपमधला ठरलेला विनोदी नट तिथे टाकतात आणि तो टाळ्यांसाठी तोंडं वाकडी करत बसतो, तसं नको. विनोद आझमकडे असू दे, तो भित्रा आहे, मनाने बराही आहे.

माणसं कमी असतील तर दुहेरी भूमिका सहज बसतात. शेख इमामुद्दीन दिसायला सुलतानासारखा आहे यावर सगळा डाव उभा आहे, तेव्हा उंची-बांधा जुळवाच, आणि तोच नट आठव्या प्रवेशात म्हातारा पहारेकरी करू शकतो. कटात सामील झालेला शिहाबुद्दीन सहाव्यात मरतो, त्यालाच आठव्यातला एकोणीस वर्षांचा तरुण पहारेकरी करा. सुलतान त्या पोराशी तरुणपणाबद्दल बोलतो आणि प्रेक्षकाला चेहरा ओळखीचा वाटतो, फुकटात मिळालेला परिणाम आहे तो.

सुलतानाच्या सावत्र आईसाठी पांढरे केस रंगवून म्हातारी करू नका. तिचं त्याच्यावरचं प्रेम नेमकं कुठल्या जातीचं आहे हे नाटक उघड करत नाही, तुम्हीही करू नका. वजीर नजीब कोरडा, हिशेबी. बरनी हा खरा इतिहासकार आहे, झियाउद्दीन बरनी, बरीच वर्षं सुलतानाच्या दरबारात होता आणि सुलतान गेल्यावर म्हातारपणी हलाखीत त्याने 'तारीख-इ-फिरोजशाही' हा इतिहास लिहिला. हे नटाला सांगा, म्हणजे तो नुसता मान डोलावणारा सज्जन राहणार नाही, तो बघणारा माणूस होईल.

नटांना इतिहास किती सांगायचा

एक पान पुरे. मुहम्मद बिन तुघलकाची कारकीर्द 1325 ते 1351, दौलताबादचा निर्णय 1327, तांब्या-पितळेची नाणी 1330 च्या आसपास येऊन दोन-तीन वर्षांत मागे घेतली, शेवट सिंधमध्ये थट्ट्याजवळ. नाटकात हे सगळं आवळून घेतलंय आणि अझीझची करामत लेखकाची आहे, त्यामुळे तालमीत 'पण खरं तर असं झालं नव्हतं' म्हणणारा जो एक जण असतो त्याला पान देऊन गप्प बसवा.

नाण्यांचं गणित मात्र सगळ्यांना समजलं पाहिजे. तांब्याच्या तुकड्याला चांदीची किंमत द्यायची ही कल्पना मूर्खपणाची नव्हती, चीनमध्ये तर कागदी पैसा चालत होता. पण नाण्यावर नक्कल न होण्यासारखं काही नव्हतं, घरोघरी टांकसाळ सुरू झाली, आणि सुलतानाने शब्द पाळायचा म्हणून खोटी नाणीसुद्धा खजिन्यातून चांदी देऊन परत घेतली. शब्द पाळण्यातच तो बुडाला, हे नटाला कळलं तर दहावा प्रवेश निम्मा बसलाच म्हणून समजा.

नेपथ्य, आणि दौलताबादची एक चक्कर

शक्य असेल तर दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनावाला अशा तिघांनी तरी छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागून किल्ला बघून यावा. अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून चढा. वळणावळणाचा काळोख, पायाखालच्या कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, वटवाघळांचा वास, आणि अचानक तोंडावर येणारा उजेड. म्हातारा पहारेकरी किल्ल्यातल्या त्या भुयाराचं जे वर्णन करतो ते मग पाठांतराचं राहत नाही. खंदकाच्या कडेला उभं राहून वर बघा, सरळ तासलेला कडा आहे, हे काम यादवांच्या काळापासूनचं. फोटो काढताना एक भान ठेवा, चांदमिनार पंधराव्या शतकातला बहमनींचा आहे, मेंढा तोफ तर कितीतरी नंतरची. बॅकड्रॉपवर चांदमिनार रंगवलात तर पहिल्या रांगेतला कोणीतरी मास्तर मध्यंतरात गाठणारच.

रंगमंचावर किल्ला बांधायला जाऊ नका. दोन उंचीच्या लेव्हल्स, मध्ये पायऱ्या, मागे एक उंच सपाट भिंत आणि पुढे साधारण पाच-सहा फुटांची मोकळी पट्टी एवढ्यात तेराही प्रवेश होतात. दिल्लीत भिंतीवर पडदे, गालिचा, उबदार रंग, दौलताबादला पडदे उतरवा आणि तीच भिंत उघडी ठेवा. सिंहासनाऐवजी साधा तख्त चालतो, तोच दुसऱ्या प्रवेशात बुद्धिबळाचा आणि सहाव्यात दरबाराचा.

सहावा प्रवेश, इथे तालमीचा सगळ्यात जास्त वेळ द्या

अमीरांनी ठरवलंय की दरबारात नमाजाच्या वेळी, सुलतान निःशस्त्र असताना त्याला मारायचं. प्रार्थनेला हत्यार करू नका म्हणून शेख शमसुद्दीन हे धर्मगुरू आधी विरोध करतात. अजान होते, नमाज सुरू होते, मध्येच अमीर उठतात, आणि पडद्यांमागून भाले घेतलेले हिंदू सैनिक बाहेर येतात. सुलतान मात्र नमाज शेवटपर्यंत पूर्ण करतो.

नमाज कशी पढतात हे ज्याला रोजचं आहे अशा माणसाकडून शिका, मोबाइलवरच्या व्हिडिओवर भागवू नका. किबला, म्हणजे नमाज ज्या दिशेला तोंड करून पढतात ती मक्केची दिशा, रंगमंचावर कुठे ते पहिल्या दिवशी ठरवा आणि नाटकभर तीच दिशा ठेवा. प्रेक्षकांकडे तोंड करून नमाज बसवायचा मोह होतो कारण चेहरे दिसतात, त्यापेक्षा तिरपी रांग करा, सुलतान एका टोकाला, म्हणजे त्याचा चेहराही दिसतो आणि मागच्या अमीरांचे कमरेकडे सरकणारे हातही. पादत्राणं काढलेली हवीत, रांग सरळ हवी, आणि हे सगळं इतकं शांत आणि अदबीने व्हावं की धक्का त्या शांततेतून यावा. अजान विंगेतून कोणी नीट म्हणणारा असेल तर लाइव्हच घ्या.

धावपळ सुरू होते तेव्हा सुलतानाने मान वळवायची नाही, खांदासुद्धा हलवायचा नाही. नटांना हे जाम जड जातं. तालमीत मागे मुद्दाम डबे पाडा, आरडाओरडा करा, आणि त्याला फक्त रकाताच्या, म्हणजे नमाजातल्या उभं राहणं-वाकणं-टेकणं या आवर्तनाच्या क्रमावर लक्ष ठेवायला सांगा.

मग शिहाबुद्दीनचा खून. सुलतान त्याला एकदा मारून थांबत नाही, भोसकत राहतो. खंजीर बोथट, लाकडी किंवा रबरी, घासून चंदेरी केलेला. शिहाबला तख्ताच्या पलीकडे पाडा म्हणजे प्रेक्षकाला फक्त सुलतानाचा वर जाणारा हात दिसतो, खाली गादीवर घाव पडतात, कोणाला लागत नाही. रक्त नकोच. किती घाव ते मोजून ठरवा आणि रोज तेवढेच, प्रयोगाच्या जोशात वाढवायचे नाहीत. बरनी ओरडतो तिथे सगळं थांबतं, आणि लगेच सुलतान कोरड्या आवाजात हुकूम सोडायला लागतो, शिहाबुद्दीन सुलतानाला वाचवताना मेला असं जाहीर करा, आणि यापुढे राज्यात नमाज बंद. हा आवाजातला बदल नटाने सापडेपर्यंत शोधायचा, दिग्दर्शकाने म्हणून दाखवायचा नाही.

गर्दी

दहा माणसं बास, पण पहिल्या प्रवेशातलीच दहा अकराव्यात हवीत. प्रत्येकाला नाव, धंदा आणि घरात किती तोंडं आहेत ते ठरवून द्या. मधल्या पाच वर्षांत कोण वाटेत मेलं हे ज्याने त्याने लिहून आणायचं, बोलायचं नाही. अकराव्यात नमाज परत सुरू होणार म्हणून सरकारी आनंद चाललाय आणि लोकांना भाकरी पाहिजे, तेव्हा त्यांचं ओरडणं गोंगाट न वाटता ओळखीच्या माणसांचं वाटतं. दवंडीवाल्याला मात्र चांगला आवाज द्या, अर्धं राज्य तोच चालवतो.

बारीकसारीक पण महागात पडणारं

कपडे भाड्याने आणायला गेलात की दुकानदार मोगली अंगरखे आणि मोत्यांच्या माळा काढतो. हा काळ मोगलांच्या दोनशे वर्षं आधीचा. लांब, साधे, अरुंद बाह्यांचे झगे शिवून घ्या, कमरेला पट्टा, फेटा किंवा टोपी, सुती कापड, मातकट रंग. भाड्यापेक्षा फार महाग पडत नाही. कोणत्याही चालू पुढाऱ्याचं जाकीट सुलतानाला घालू नका. 1964 च्या आसपास लोकांना त्यात नेहरूंचा काळ दिसला, पुढे प्रत्येकाला आपापला दिसत गेला, ते काम प्रेक्षक करतोच.

बुद्धिबळाच्या सोंगट्या आपल्या जुन्या लाकडी, कातीव, बिनचेहऱ्याच्या घ्या, शाळेच्या स्पर्धेतल्या नकोत. नाणी कोणाला दिसत नाहीत, ऐकू येतात. गोणपाटाच्या पोत्यात हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर भरून विंगेतल्या लाकडी फळीवरून ओढा, खोट्या नाण्यांनी भरलेल्या गाड्या येतायत हे लगेच कळतं. ही नाणी सुलतान त्याच्या लाडक्या गुलाबबागेत ओतायला लावतो, तेव्हा तो आवाज दहाव्या प्रवेशात सावत्र आईच्या कबुलीच्या खालून हळूहळू चालू ठेवला तर फार उपयोगी पडतो. नजीबला मीच विष दिलं हे ती सांगते आणि हा तिला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा देतो, इथे संगीत अजिबात लावू नका.

तेरावा प्रवेश

बरनी आईच्या मृत्यूची बातमी आल्याचं सांगून जायची परवानगी मागतो, अझीझचं सोंग उघडं पडतं, आणि तो माफी न मागता सुलतानाला ऐकवतो की तुमच्या प्रत्येक हुकुमाचा खरा अर्थ मीच लावला. सुलतान त्याला मारत नाही, दख्खनमध्ये अधिकारी करून पाठवतो. हा प्रवेश दोन नटांनी बसून, कमीत कमी हालचालीत करावा. अझीझ जिंकला असं खेळू नका, सुलतानाला पहिल्यांदा बरोबरीचा माणूस भेटलाय असं खेळा, त्याला क्षणभर मजाही येऊ दे.

त्यानंतर सुलतान तख्तावर झोपतो, अजान होते, तो जागा होतो आणि आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नाही. अजान सहाव्या प्रवेशातल्याच आवाजाची असावी. लाइटवाल्याला सांगून ठेवा की सुलतान इकडेतिकडे बघायला लागला तरी डिमरला हात लावायचा नाही, बरनीच्या जाण्यापासून जेवढा उजेड आहे तेवढाच, मग एकदम ब्लॅकआउट.

वेळापत्रक

दहा ते बारा आठवडे धरा. पहिले दोन बसून वाचन, पुस्तकं हातात, कोणी उभं राहायचं नाही, उच्चारही इथेच, 'ख' आणि 'ग' चा उर्दू लहेजा एकाने जोरात आणि दुसऱ्याने अजिबात नाही असं होऊ देऊ नका, सगळ्यांचा एकच ठेवा. पुढचे चार ब्लॉकिंग, त्यातला एक अख्खा आठवडा सहाव्या प्रवेशाला. मग गर्दी जोडायची, कारण गर्दीतली माणसं तशीही नियमित येत नाहीत. शेवटच्या तीन आठवड्यांत रोज एक सलग रन, घड्याळ लावून, आणि त्यातल्या निदान दोन तालमी पूर्ण कपड्यांत, कारण सहाव्यात मेलेला शिहाब आठव्यात पहारेकरी म्हणून उभा राहायच्या आत त्याला दाढी बदलायला फक्त सातवा प्रवेश मिळतो, आणि तेवढ्यात विंगेत त्याच्यासाठी एक माणूस आणि एक आरसा कायमचा नेमलेला असला पाहिजे.